नळावरची निवडणूक

आमच्या शेजारच्या मेश्रामनं नळाचीसुद्धा निवडणूक घेतली! भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीला एकच नळ, पाणी जेमतेम तासभर. आधी कोणी भरायचं, हात वर करून ठरवा की! पण नाही. हा गृहस्थ टिनाचा डबा अन् चिठ्ठ्या घेऊन हजर.

"गुप्त म्हणजे गुप्त! हे राजाचं राज नाही न, बाबूजी!"

मोजणी संपली तेव्हा पाणी गेलेलं. मी बिनआंघोळीचा ऑफिसात.

मेश्राम कारखान्यात फिटर. चहाच्या टपरीवर जवळच्या कुरुद गावच्या मजुरांना धरून राज्यघटना सांगायचा. मत कसं द्यायचं, कागदाची घडी कशी घालायची, सगळं वर्तमानपत्राच्या कपट्यांवर. बरं, नवऱ्यालाही मत सांगू नये, हे त्यानं माझ्या बायकोला पढवलं. ती माझ्यापासून भाजीसुद्धा लपवायला लागली.

निवडणूक तोंडावर आली, तसा मी भडकलोच. "मेश्रामभाऊ, पुरे झालं! कावून साऱ्यांचं डोकं खाऊन राहिले?"

 तो म्हणाला, "मायसाठी करून राहिलो, बाबूजी. गावच्या विहिरीवर तिले कोनी चढू देल्लं नाही. दुरून वरून ओतलेलं पानी घेतलं जन्मभर. आता म्हनते, मोठ्या लोकाईच्या लाईनीत मी नाही उभी राहात. तिचं एक मत पडलं पाह्यजे, बस."



मतदानाच्या दिवशी मेश्रामची म्हातारी आली. बायकांच्या रांगेत माझ्या बायकोच्या मागे उभी राहिली, पण चार हात सोडून. रांग तिथंच संपली असं समजून दोघीतिघी मधे घुसल्या. म्हातारी आणखी मागं सरकली, मग घराकडे वळली. पुरुषांच्या रांगेतून मेश्राम नुसता बघत राहिला.

माझ्या बायकोनं मागे वळून पाहिलं अन् तिचं डोकं फिरलं. तरातरा जाऊन तिनं म्हातारीचं मनगट धरलं अन् तिला आपल्यापुढे आणून उभं केलं.

म्हातारी घाबरून म्हणाली, "बाई, तुमाले चालते?"

"काय चालते? ऊन डोक्यावर आलं, आजी! सरका न पुढे!"

म्हातारी सरकली.

आमचीही रांग सरकली होती. माझ्यापुढचा मेश्राम मात्र गमछ्यात तोंड खुपसून जागच्या जागी उभा होता. मागून लोक ओरडत होते. त्याला पुढे हो म्हणायला माझी काही जीभ वळली नाही.