मिल बंद, गैबी हजर

कोल्हापूरपासून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या एका सहकारी साखर कारखान्याची ऊस गाळायची मिल चौऱ्याहत्तरच्या हंगामात वरचेवर बंद पडू लागली. बाब गंभीर असल्यामुळं संचालक मंडळानं मिलकडं न बघता आकडेवारीकडं बघायचं ठरवलं आणि पुण्याहून टेंबे नावाचे सांख्यिकी अधिकारी आणले.

टेंबेसाहेबांनी महिनाभर प्रत्येक बिघाडाची वेळ, हवा, उसाची जात आणि जागेवर हजर असलेली माणसं टिपली. सगळी माहिती कार्डांना भोकं पाडून मुंबईच्या संगणकाकडं रवाना झाली. संगणकानं निदान धाडलं. ऊस बदलत होता, हवा बदलत होती, पाळ्या बदलत होत्या. बिघाडाच्या जागी न चुकता सापडणारा माणूस एकच. फिटर गैबी मिस्त्री.

साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा गैबीला वाटलं, यंदा आपण कायम होणार. हंगामी म्हणून राबण्यात त्याच्या मिशा पिकल्या होत्या. लालबीनं नवऱ्याला इस्त्रीचा सदरा काढून दिला.

"मिल बंद पडते तेव्हा तुम्ही तिथं असता, खरं का?" टेंबेसाहेबांनी विचारलं.

"व्हय की. बंद पडली की मला बोलावत्यात."

"म्हणजे मान्य आहे."

"सायेब, घर पेटल्यावर बंब येतोय. बंबानंच आग लावली म्हणायची काय?"

साहेबांनी विचार केला. "बंबांची आकडेवारी आपल्याकडं नाही."

चेअरमन गणपतराव कळवळले. "गैब्या, तुला मी काय आज वळखतोय? पण मशिननंच मशिनची बाजू घेतल्यावर मी काय बोलू? कायम करायचं मिल सुधारल्यावर बघू."

गैबीची नेमणूक गेस्ट हाऊसच्या गुलाबांवर झाली. आठवड्यात मिल थांबली. फाटकाबाहेर गाड्यांत ऊस वाळू लागला. फोरमन केरबा धापा टाकत आला. "गैबीभाई, फुलं ऱ्हाऊ देत. चला."

गैबीनं झारी ठेवली, तोच टेंबेसाहेब आडवे आले. "तुम्ही तिथं गेलात की आणखी एक नोंद वाढेल."

वार्षिक सभेत फळा लावला. गैबी हलण्याआधी बिघाड असंख्य, हलल्यापासून फक्त एक. मिल पुन्हा सुरूच न झाल्यामुळं दुसऱ्याची भीतीही उरली नव्हती. वाळल्या उसाचं कुणी काढलं, तर तो विषय शेती विभागाचा निघाला. मग ऊसवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. गैरहजर राहून केलेल्या सहकार्याबद्दल गैबीला नारळ देण्यात आला. शालीचा खर्च मंजूर नव्हता. आणि बंद मिलला कायम मिस्त्री कशाला, हेही त्याच सभेत ठरलं.

लालबीनं नारळ फोडून कालवणाला वाटण घेतलं. "आता वो?"

"मिल सुरू झाली की बोलावतील."

"आणि सुरू करणार कोण?"

गैबी जेवत राहिला.

वाचणाऱ्यांनी टेंबेसाहेबांना फार हसू नये. परवा तुमच्या घरी दूध उतू गेलं, तेव्हा गॅस बंद करायला कोण धावलं? आणि तुम्ही बोललात कुणाला?