अण्णांचे चाळीस दगड

चांगुणाआत्याने अण्णांचे सगळे दगड कपडे धुण्याच्या पावडरने घासून गच्चीवर वाळत घातले, तेव्हा सुहासिनी वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे रविवारच्या स्मरणविधीच्या, पत्रिका वाटायला अंबरनाथमध्ये फिरत होती.

"आत्या, त्यांवर चिठ्ठ्या होत्या ना?" परत आल्यावर तिने विचारलं.

"व्हत्या की. नखानं खरवडून काढल्या. किती वेळ गेला माझा! रविवारी माणसं येणार, आन् भावाच्या फोटोपुढं धुळीचे दगड?"

सुहासिनीने अण्णांची वही काढली. अण्णा डोंगर चढत आणि प्रत्येक डोंगरावरचा एक दगड घरी आणत. वहीत क्रमांक, तारीख, नाव, उंची, सोबत कोण. दगडावरच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक. वहीत चाळीस डोंगर होते. फोटोपुढे ते ओळीने मांडायचे, एवढंच तिने ठरवलं होतं. भाषण तिला जमणार नव्हतं.

तिने दगड मोजले. एक्केचाळीस. पुन्हा मोजले. तरी एक्केचाळीसच.

शेवटी तिने वांगणीजवळच्या पाड्यावरून सख्याला बोलावलं. वहीतल्या 'सोबत' या रकान्यात प्रत्येक डोंगरापुढे त्याचं नाव होतं.

सख्याने एकेक दगड हातात तोलला. "ह्यो चंदेरीचा. ह्यो ताहुलीचा. ह्यो पेबचा."

सुहासिनी भराभर नव्या चिठ्ठ्या लिहून चिकटवत गेली. पण त्याचा झपाटा पाहून तिला शंका आली. पेबची चिठ्ठी हळूच काढून तिने तोच दगड पुन्हा पुढे केला.

"ह्यो मलंगगडाचा."

"सखादादा, मघाशी हा पेबचा होता!"

"मघाशी उलटा धरला व्हता."

सख्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, खरं सांगू? वर गेल्यावर अण्णा दगडाचं इसरायचे. बघत बसायचे नुसते. खाली उतरल्यावर आठवण. मग आमच्या वढ्यातला उचलायचे. म्हणायचे, सखा, घरी बोलू नको."

"सगळे?"

"सगळे."

"पण डोंगर तरी...?"

"डोंगर चढले की! चाळीसच्या चाळीस. मी व्हतो ना."

सुहासिनीने वही मिटली, पुन्हा उघडली. म्हणजे कुठलीही चिठ्ठी कुठल्याही दगडाला चालणार होती. उरलेल्या चिठ्ठ्या तिने दिसेल त्या दगडाला लावून टाकल्या. एक दगड बिनचिठ्ठीचा उरला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "सुहास, माझा लसूण ठेचायचा दगड कुणी नेला गं? नळापाशीच ठेवला व्हता!"

सुहासिनीने उरलेला दगड नेऊन दिला. आत्याने तो फिरवून पाहिला. "हा माझा नव्हं. पण चालंल."

रविवारी अण्णांच्या फॅक्टरीतले बबनकाका फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग वाकून त्यांनी चंदेरीचा दगड उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"पोरी, मी होतो त्या दिवशी बरोबर. वर बसून भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली होती आम्ही. अजून वास येतोय बघ."

आत्याने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, तिला रडू फुटलं.

"हो काका," सुहासिनी म्हणाली. "येतोय खरा."