बबनभाऊंचा अंगठा

आमच्या कुसगावचे बबनभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाणी मागत नाहीत, रेडिओ मागतात. जुना, आत काचेच्या नळ्या असलेला, तापल्याशिवाय तोंड न उघडणारा. मग त्याच्या पाठीवर अंगठा खसाखसा घासायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि वय सांगायचं. औषधासारखा उग्र वास आला तर जुना बेकलाइट, म्हणजे सुरुवातीचं कडक प्लास्टिक. नाही आला तर नंतरचं प्लास्टिक. "कागद खोटं बोलंल, पिलास्टिक न्हाई बोलायचं," हे त्यांचं ब्रीद.

इंदुरीला आम्ही समाचाराला गेलो होतो. घरात रडारड, आणि भाऊंचा अंगठा कोनाड्यातल्या रेडिओवर. मयताच्या मुलाला म्हणाले, "तुज्या आबांपरीस बारा वर्सांनी ल्हान हाय. अजून लय जगंल." पोरगा रडता रडता हसला आणि रेडिओ त्यांनाच देऊन बसला.

असे एकोणीस जमलेत. पावसाळ्यात दमट हवा बाधू नये म्हणून भाऊ पाळीपाळीनं एकेक तापवत बसतात. छप्पर गळकं, पण छत्री रेडिओवर. भाऊ आपले भिजत.

त्यांत एक माझाही आहे. तरुणपणी मी मोठी शहाणी. रेडिओ चालू केला की त्याचं डोकं ऊबदार होतं आणि आमच्या गारठ्यात दही काही लागत नाही, म्हणून मी विरजणाचं भांडं त्यावर ठेवायचे. दही असं लागायचं की सुरीनं कापावं. एके दिवशी भांडं कलंडलं आणि बातम्या सांगणारा वाक्याच्या मधेच बुडाला. नवऱ्याला सांगितलं, उंदरानं तारा खाल्ल्या. इतक्या वर्षांनी भाऊंनी तो हुंगला आणि म्हणाले, "वैनी, उंदीर विरजण लावत हुता व्हय?"

तेव्हापासून भाऊंची एक तरी चूक सापडावी म्हणून मी टपून होते.

वरच्या फळीवर त्यांचा एक पांढरा रेडिओ आहे. त्याचं वय ते न हुंगता सांगतात. "आमच्या लग्नाच्या सालचा. हौसानं लय गाणी ऐकली ह्याच्यावर." हौसा म्हणजे त्यांची बायको. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापानं गेली.

गेल्या महिन्यात पुण्याहून रेडिओ जमवणारे एक गृहस्थ आले. त्यांनी तो पांढरा खाली काढला, घासला, हुंगला, पुन्हा घासला. "भाऊ, वासच नाही. हा तुम्ही म्हणता त्याच्या दहा वर्षं तरी नंतरचा."

भाऊंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

माझ्या ओठांवर आलं होतं, सापडलात! पण मला ठाऊक होतं. हौसाकडे रेडिओ नव्हताच. ती आमच्या खिडकीखाली तांदूळ निवडायला बसायची, गाण्यांसाठी. आणि मी, रेडिओवाली महाराणी, खिडकी लावून घ्यायचे. जणू बाहेर कोणी ऐकलं तर आतली गाणी संपणार होती.

"नाकाला काय कळतंय?" मी म्हणाले. "हौसाच्या शेजारी बसून मी स्वतः ऐकलीत गाणी याच्यावर."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि वहीत भाऊंचंच साल लिहिलं.

ते गेल्यावर भाऊ म्हणाले, "वैनी, तवा तुमी आमच्या उंबऱ्यात बी कदी आल्या न्हाईत."

"प्लास्टिक खोटं बोलत नाही, भाऊ. मी कुठं प्लास्टिकची आहे?"

ते हसले. पांढऱ्या रेडिओचं बटण फिरवलं. नळ्या तापायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात त्यांनी उठून खिडकी उघडली.