लवूची गिटार आणि अजिंक्यचा चेहरा

सगळी अडचण अजिंक्यच्या चेहऱ्याची होती. दिसायला तो चेहरा चांगला चारचौघांसारखा होता, पण पोटात म्हणून काही ठेवायचा नाही. साहेबांनी रजा मंजूर केली की ऑफिसातल्या शिपायाला ते अजिंक्यच्या गालांवरून कळायचं. आमटीत मीठ जास्त झालंय हे बायकोला, सानिकाला, तो पहिला घास गिळण्याआधीच समजायचं. असल्या माणसाला आज मिरकरवाड्यात जाऊन एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घासाघीस करून विकत घ्यायची होती. म्हणून लांज्याहून पहिल्या एसटीनं आलेले त्याचे सासरे, आप्पा, त्याला आरशासमोर उभं करून शिकवणी देत होते.

"हां. आता समजा, गिटार पुढ्यात आली."

अजिंक्य हसला.

"हसायचं नाही! कुबट सोड्यांकडे बघतात तसं बघायचं. नाक जरा वर. हां, भुवया खाली. आता म्हणा, 'ही होय?'"

"ही होय!" अजिंक्य म्हणाला. देवळाच्या पायरीवर उभं राहून म्हणावं, तसंच ते वाटलं. आप्पांनी कपाळाला हात लावला.

आप्पा एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. बाजाराच्या बाबतीत त्यांचा नियम एकच होता, जे आवडेल त्याला नावं ठेवायची. पापलेट आवडलं की ते शिळं आणि हापूस आवडला की तो कर्नाटकी. या नियमानं त्यांनी जन्मभर पुष्कळ पैसे वाचवले होते, आणि पुष्कळदा रिकामी पिशवी घेऊन घरीही परतले होते. पण दुसरी गोष्ट ते कधी कुणाला सांगत नसत.

"त्यापेक्षा सरळ सांग ना यमुनाबाईंना, मला आवडलीय म्हणून," सानिका स्वयंपाकघरातून म्हणाली. दोन्ही पुरुषांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

गिटार मिरकरवाड्यातल्या मासे विकणाऱ्या यमुनाबाईंच्या नवऱ्याची, लवूची. लवू तरुणपणी बोटीवर खलाशी होता. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्यानं ती घेतली. पुढं बोट सोडून तो घरच्या होडीवर आला, पण गिटार काही सोडली नाही. नारळी पौर्णिमेला जेटीवर लवूची गिटार वाजल्याशिवाय नारळ पाण्यात पडत नसे. अजिंक्यनं ती लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकली होती, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात गिटार म्हणजे तीच. पुढं त्यानं स्वतःची एक साधी गिटार घेतली, कॉलनीच्या गणपतीत वाजवलीही, पण ती म्हणजे तहान लागल्यावर नुसती चूळ भरण्यासारखं होतं. लवू दोन वर्षांपूर्वी गेला. यमुनाबाई गिटार विकणार असं कानावर आलं त्या दिवशी अजिंक्यनं नव्या तारांचं पाकीट आणून खिशात ठेवून दिलं.

"गिटारचा पत्ता नाही नि तारा आणल्यास?" सानिका म्हणाली होती. "सोयरीक ठरायच्या आधीच पाळणा?"

निघताना अजिंक्यनं स्कूटरवर पायापाशी एक गोणपाट ठेवलं. आप्पांनी ते उचकटून पाहिलं. आत गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा अॅम्प होता.

"हे कशाला?"

"वाजवून बघायला नको?"

"म्हणजे आपल्याला वाजवायची आहे हे तिला कळणार! अहो अजिंक्यराव, आपल्याला वस्तू नकोच आहे. तिची अडगळ कमी व्हावी म्हणून नेतोय आपण, असं वाटलं पाहिजे. राहू दे ते गोणपाटातच."

यमुनाबाई पडवीत बसल्या होत्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असल्यामुळे पाटीत ताजं काही नव्हतं, पण पडवी सुक्या मासळीनं भरलेली होती आणि तो वास थेट रस्त्यापर्यंत सामोरा येत होता. त्यांनी आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटार आणली आणि तान्हं मूल द्यावं तशी अजिंक्यच्या मांडीवर ठेवली.

रंग एकेकाळी तांबूस असावा. आता तो जागोजागी उडाला होता. तारा गंजून काळ्या पडल्या होत्या. आवाजाची एक घुंडी हरवली होती नि तिच्या जागी कसल्याशा तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं होतं. आणि वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथं, रंग पार झिजून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं, आणि ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावरून बोट फिरवत राहावंसं वाटावं. अजिंक्यचा हात तिथं टेकलाही. मग त्याला कुबट सोडे आठवले.

"ही होय?" तो म्हणाला. आप्पांनी मान डोलावली. बरं जमलं होतं.

यमुनाबाईंनी किंमत सांगितली. किंमत रास्त होती, आणि अजिंक्य तिथल्या तिथं हो म्हणणार तोच आप्पांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"तारा बघा," आप्पा म्हणाले. "गंजून गेल्यात. यमुनाबाई, असल्या तारांची किंमत कशी द्यायची?"

"तारांचा काय एवढा?" यमुनाबाई म्हणाल्या. "बगते काय होतंय ता. पन लवकर सांगा हां. गणपतीपुळ्याचा येक रिसॉर्टवाला येऊन गेला. भिंतीवर टांगायची म्हनतो, लायटी लावून."

परतताना अजिंक्यला रस्ताभर ती भिंत दिसत होती. लाल-निळे दिवे, खाली सोलकढी पिणारे पर्यटक आणि वर खिळ्याला लटकलेली मुकी गिटार. "आप्पा, देऊन टाकू या ना पैसे," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, "गिऱ्हाइकानं घाई केली की भाव चढतो. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी लुगडं सोडल्यावर अजिंक्यला घाम फुटला. जुन्या तारा गेल्या होत्या. त्यांच्या जागी गळाला लावतात तो जाडजूड नायलॉनचा दोरा ताणून बसवला होता, हिरवा.

"घ्या," यमुनाबाई समाधानानं म्हणाल्या. "आता गंजायचा सवालच नाय. सुरमई लागली तरी तुटनार नाय."

इलेक्ट्रिक गिटारला लोखंडी तार लागते, नायलॉनवर ती एक सूर काढणार नाही, हे अजिंक्यच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिच्यात आपला जीव अडकलाय हे उघड झालं असतं. शिवाय तारा काय, बदलता येतात, पाकीट खिशातच आहे, असं त्यानं मनाला समजावलं आणि नाक वर धरून ठेवलं.

आप्पा मात्र खूश झाले. "बघितलंत?" ते त्याच्या कानाशी कुजबुजले. "आपण बोललो नि बाई कामाला लागली. आता रंगाचं काढा. तुम्हीच काढा, माझ्या तोंडून सारखं बरं दिसत नाही."

अजिंक्यनं गिटारकडे पाहिलं. जगात जे कधीच बोलायचं नव्हतं, ते हेच होतं. आप्पांनी पुन्हा चिमटा काढला.

"काकी, रंगाचं काय पण?" अजिंक्य म्हणाला. "हे इथं तर नुसतं लाकूड उघडं पडलंय. बरं दिसत नाही. घरात कुणी आलं-गेलं तर..."

यमुनाबाईंनी गिटार जवळ ओढली. त्या उघड्या लाकडाकडे पाहत राहिल्या, मग अजिंक्यकडे.

"ता झिजलाय म्हनतोस?"

"हो... म्हणजे, नवीकोरी असती तर गोष्ट वेगळी."

"बरा," त्या म्हणाल्या आणि लुगडं गुंडाळायला लागल्या. "रंगाचा काय, आता होड्या रंगवायचेच दिवस हायत. तेच्यात ही येक."

तो आठवडा अजिंक्यला भारी गेला. ऑफिसात त्यानं एकाच पत्रावर दोनदा शिक्का मारला. जेवताना मध्येच थांबून तो सानिकाला विचारायचा, "खरंच रंगवणार नाहीत ना गं त्या?"

"जाऊन सांग ना, नका रंगवू म्हणून."

"आप्पा म्हणतात, तसं केलं तर आतापर्यंतची मेहनत फुकट."

"आप्पांनी आईला बघायला गेल्यावर तिच्या नाकाला नावं ठेवली होती," सानिका म्हणाली. "आई अजून ऐकवते."

तिसऱ्या रविवारी यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. गिटार लुगड्यात नव्हती, पडवीच्या बाकावर ठेवली होती, आणि ती निळी होती. होडीचा असतो तसला ठसठशीत निळा. कडेनं तांबडा पट्टा, पट्ट्याला पिवळी किनार. पुढ्यात वळणदार अक्षरांत 'सागरलक्ष्मी' लिहिलं होतं आणि मागं, होडीला असतो तसा नंबर घालायला, पांढरी चौकट सोडली होती. ते उघडं लाकूड, लवूच्या हातानं झिजवलेलं, निळ्याखाली गडप झालं होतं.

"वा वा!" आप्पा सवयीनं म्हणाले, "पण निळा जरा..." आणि त्यांचं जावयाकडे लक्ष गेलं.

अजिंक्यच्या भुवया जागेवर राहिल्या नाहीत. नाक खाली आलं, ओठ थरथरले, आणि तो भर पडवीत मटकन पाटावर बसला.

"काकी, हे काय केलंत हो!"

"तूच म्हनलास ना, बरा दिसत नाय."

"खोटं बोललो मी! साफ खोटं! अहो, काकांचा हात होता तिथं. लहान होतो मी, बाबांच्या खांद्यावरून बघितलंय मी काका हात कसा टेकायचे ते. मला त्या झिजलेल्या जागेसाठीच हवी होती गिटार. नवी काय, दुकानात मिळते! नि त्या नायलॉनवर ती वाजत पण नाही, आणि मी ते सुद्धा बोललो नाही..." इथं त्याचा आवाज फाटला. आप्पांनी चिमटा काढायला हात पुढं केला आणि परत घेतला.

यमुनाबाईंनी बादलीतलं ओलं फडकं पिळलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

"पूस."

"काय?"

"गिटार पूस रे. तोंड नंतर पूस."

अजिंक्यनं फडकं फिरवलं. 'सागरलक्ष्मी'ची लक्ष्मी पुसली गेली. पुन्हा फिरवलं, तसं निळं पाणी पडवीभर ओघळलं आणि खालून तो जुना तांबूस रंग वर आला.

"शेजारच्या दादूचा रंग हाय, गणपती रंगवायचा," यमुनाबाई म्हणाल्या. "पान्यानं जातो. लाकडाला आदी खोबरेल चोळला मी, डाग नको म्हनून. होडीचा रंग असता तर वास नसता का आला?"

सुक्या बोंबलांच्या त्या पडवीत रंगाचा वास येण्याची काही सोय नव्हती, पण अजिंक्यला वाद घालायचा नव्हता. तो पुसत होता.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, जलमभर मासे विकले मी. ह्याचा तोंड वाकडा होता, पन पयल्या दिवशी गिटार मांडीवर दिली तर हात बरोबर लवूच्या जाग्यावर जाऊन बसला. तुमी तोंड शिकवलात, हात शिकवायचा राहिला." त्या अजिंक्यकडे वळल्या. "पन दुसऱ्या खेपेला त्याच जाग्याला नावं ठेवलीस, तवा मला वाईट वाटला. म्हनलं, बगू तरी. हा मनातला बोलतो की सासऱ्याचा पाठ केलेला."

"आणि तो रिसॉर्टवाला?" अजिंक्यनं भीत भीत विचारलं.

"कोन रिसॉर्टवाला? गिऱ्हाईक हलत नसला की दुसरा गिऱ्हाईक उभा करायला लागतो." त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "किंमत पयल्या दिवशी सांगितली तीच."

आप्पांनी तोंड उघडलं, यमुनाबाईंची नजर पाहिली आणि मिटलं.

"आता त्या गोणपाटातला बाजा आन," त्या म्हणाल्या. "तीन खेपा बगतंय मी गाडीवर."

पुसलेलं लाकूड कोरडं झाल्यावर अजिंक्यनं खिशातलं पाकीट काढलं. हिरवा दोरा सोडून तारा चढवल्या. अॅम्प आधी नुसताच खरखरला, मग बाटलीचं बूच थोडं फिरवल्यावर आवाज स्वच्छ आला. हात आपसूक त्या गुळगुळीत जागेवर टेकला. शिमग्यात पालखी नाचवताना वाजते ती चाल लवू वाजवायचा, तीच त्यानं धरली. दोन ठिकाणी चुकला, पण थांबला नाही. शेजारून दादू हातात ब्रश घेऊन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. यमुनाबाई सोडे निवडत होत्या. त्यांचा हात कधी थांबला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

चाल संपली. यमुनाबाईंनी पदरानं डोळे कोरडे केले आणि पुन्हा सोडे निवडायला लागल्या.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "येवडा काय खास नाय. नारळी पौर्णिमेला ये जेटीवर, तवा बगू."

परतीच्या वाटेवर गिटार आप्पांच्या मांडीवर होती आणि अजिंक्य स्कूटर चालवत होता. तोंड पडलेलं होतं.

"आता काय झालं?" आप्पांनी मागून विचारलं.

"काकींना आवडलं नाही."

"अहो अजिंक्यराव," आप्पा म्हणाले, "जन्मभर बाजार केला मी, एवढं कळतं मला. नावं ठेवली ना तिनं? मग झालं तर."

स्कूटर चढ चढून वर आली. आप्पांनी घसा खाकरला, गिटार नीट धरली आणि खाडीकडे पाहत म्हणाले, "मलासुद्धा तुमचं वाजवणं काही विशेष वाटलं नाही हो."

स्कूटरच्या आरशात अजिंक्यचा चेहरा कानापर्यंत हसला, आणि या खेपेला आप्पांनी त्याला हसू दिलं.