एका कंपनीचा सेट

शिवशरणच्या मेहुण्याने बोटीवरून त्याच्यासाठी हिनोका कंपनीचा कॅमेरा आणला, त्या दिवसापासून धुळाप्पाला जेवण गोड लागेना. दोघांचे स्टुडिओ बाळीवेशीत समोरासमोर होते. शिवशरणच्या कॅमेऱ्याची बॉडी काळी, तीन लेन्स काळ्या, फ्लॅश काळा, पेटीसुद्धा काळी. आणि प्रत्येकावर त्याच वळणाची तीच पांढरी अक्षरे. कुठलीही लेन्स कुठल्याही वेळी खट् करून बसायची. गिऱ्हाईक फोटो काढायला येई आणि पेटीकडेच बघत राही.

धुळाप्पाची बॉडी रशियन होती, लेन्स जर्मन. दोघांचे जमेना म्हणून मधली कडी लेथवाल्याकडून करून घेतलेली. फ्लॅश मुंबईचा आणि पट्टा मुलीच्या दप्तराचा. चौदा वर्षे या सगळ्यांनी मिळून उत्तम फोटो काढले होते, पण आता त्याला त्यांची लाज वाटू लागली.

"त्याचं सगळं कसं एका आईची लेकरं वाटतात," तो बायकोला, रुद्राणीला, म्हणाला. "आणि माझं?"

"फोटो तर चांगलं येतात की तुमचं."

"फोटो कोण बघतंय गं!"

दुधनीचे अडते चनमल्लप्पा यांच्या मुलीचे लग्न ठरले. मुलीकडून धुळाप्पाला बोलावणे आले आणि नवऱ्या मुलाकडून शिवशरणला. एकाच मांडवात दोन कॅमेरे! धुळाप्पाने तडक ट्रक रंगवणाऱ्या नागप्पाला गाठले.

"हे समदं काळं कर. आन् वर हिनोका लिही."

"शेड देऊ का अक्षरांना? कोपऱ्यात कमळ?"

"कमळ नगं. कंपनीचं वाटलं पायजे."

नागप्पाने मनापासून काम केले. बॉडी, लेन्स, फ्लॅश, पेटी झाली. मग स्टँड वेगळा दिसतो म्हणून स्टँड, आणि स्टँडच्या शेजारी छत्री बरी दिसेना म्हणून छत्रीही हिनोका कंपनीची झाली. लेन्सवरचे अंतर जुळवायचे फुटांचे आकडे रंगाखाली गेले, हे लग्नाच्या सकाळी दुधनीत ध्यानात आले. शिवाय रंग नीट वाळला नव्हता. धुळाप्पाने लेन्सची फोकसची कडी फिरवली, ती फिरेना. पिळली, तर हाताला काळे लागले. भिंगातून पाहिले, तर सहा फुटांवरचा खांब लख्ख दिसत होता. बाकी सगळा मांडव धुक्यात.

पलीकडे शिवशरण खट् खट् लेन्स बदलत होता. माघार घेणे शक्यच नव्हते. धुळाप्पाने खांद्यावरचे उपरणे काढले. ते बरोबर सहा फूट होते. एक टोक त्याने नवरदेवाच्या हातात दिले, दुसरे आपल्या नाकाशी धरले, ताणले आणि खटका दाबला.

मग सासऱ्यांना टोक दिले, मग मामांना. तिसऱ्या खेपेला नवरदेवाच्या आजीने, पार्वतम्माने, उपरण्याला कुंकू लावले.

"आजी, हे काय?"

"तुमच्यात असंच अस्तंय व्हय? बरं अस्तंय," म्हणून तिने वर अक्षताही टाकल्या. तिचे बघून बायकांची रांग लागली. उपरणे पुरे लाल झाले. लग्न लावायला आलेल्या जंगमस्वामींनी शेजारच्याला हळूच विचारले, "हा विधी कुठला रे?"

धुळाप्पा घाम पुसत वर बघायचा, तसा मांडव खदखदायचा. का हसतात ते त्याला कळेना. शेवटी चनमल्लप्पांनी त्याला आरशासमोर उभे केले. कॅमेरा टेकवून टेकवून उजव्या डोळ्याभोवती वाटीएवढे काळे कडे उमटले होते. नेमक्या त्या क्षणी मागून शिवशरणचा खटका वाजला.

पंधरा दिवसांनी शिवशरणच्या काचेच्या कपाटात तो फोटो लागला. चांगला हातभर मोठा. बाळीवेस लोटली. धुळाप्पा बाह्या सरसावत रस्ता ओलांडून गेला.

"काढ तो खाली! बेअब्रू करतोस व्हय माझी?"

पण बोलता बोलता त्याची नजर फोटोवर गेली आणि तो थबकला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. रंगात चिकटलेला ब्रशाचा एक केससुद्धा दिसत होता. काय लेन्स होती!

"काढतो की," शिवशरण म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. "पण एक सांग. तुझ्या अल्बमात लोकं लई मोकळं हसल्यात. माझ्या फोटोत समदी कोर्टात उभारल्यासारखी. चनमल्लप्पांनी धाकटीच्या लग्नाला दोन्हीकडनं तुलाच सांगितलंय. नवरदेवाकडचीसुद्धा म्हणाली, तो उपरणंवालाच पायजे. एवढा सेट घेऊन मी काय करू रे? कसं हसवतोस तू?"

धुळाप्पाने बाह्या सावकाश खाली केल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली.

"ते असं सांगून येत न्हाय," तो म्हणाला. जाता जाता दारात वळला. "आन् फोटो ऱ्हाऊ दे तितंच. एक कॉपी मला पण काढ. रुद्राणीला दाखवतो, लेन्स कशी अस्ती ते."