शंकरमामांच्या दोन बशा

शंकरमामा भेटले की नमस्कार करत नसत, अंगठा मागत. "सर, हितं टेका जरा," म्हणत जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत अंगठा दाबून घेत. दोन दिवसांनी तीत पिवळे ठिपके उगवले की समाधानानं सांगत, "तुमच्याबी कातडीवर ष्टाफिलो हाय, पू करनारा जंतू. डिग्री असली म्हनून काय झालं?"

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. मामा त्याच प्रयोगशाळेत शिपाई, सातवी नापास, आणि गल्लीत माझे शेजारी. प्राचार्यांचाही अंगठा त्यांनी सोडला नव्हता.

दुसऱ्या बशीत ते पाणकणसाचा कापूस ठेवत. तळ्याकाठचं ते उदी कणीस फोडलं की निघतो तो. एकीकडे कापूस, एकीकडे स्वतःचा अंगठा; कशातून काय उगवतं ते वहीत लिहायचं. चार वर्षं हेच.

"मामा, पीएच.डी. कधी?"

"तुमी टोपी शिवून ठेवा."

मग दुष्काळ पडला. तळं आटलं, पाणकणसं वाळून गेली आणि मामांचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यातच त्यांची लेक सुमन माहेरी बाळंत झाली. बारसं झालं, तरी मामांनी नातीला हात लावला नव्हता. कोपरापर्यंत हात घासून घासून सोललेल्या रताळ्यासारखे केलेले, पण उभे उंबऱ्याबाहेरच.

मी म्हणालो, "अहो, उचला तिला."

"शेवटचं कणीस लावलंय बशीत. निकाल लागू द्या."

"कसला निकाल?"

मामा म्हणाले, "सुमनच्या आधी एक पोरगी हुती. तिच्या बेंबीवर पानकणसाचा कापूस मीच लावला. आमच्यात लावत्यात. बेंबी पिकली. आठ दिसांत गेली. कापसानं गेली का माझ्या हातानं, तेवढं कळाया पायजे."

मी पुस्तकातलं सांगितलं. "मामा, हा जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतो. सुमनच्याही. ती घेतेच ना लेकराला?" वाटलं, शिक्षण कामी आलं.

"तिच्या हातून कुनी गेलं न्हाई, सर."

सुमननं आतून ऐकलं असावं. ती लेकराला घेऊन उंबऱ्याशी आली. "आबा, घ्या."

मामा दोन पावलं मागं सरले. हात पाठीमागं.

"तितंच ऱ्हा," ते म्हणाले. "जरा उजेडाकडं धर तिला. नाक कुनाचं घेतलंय, दिसंना मला."