गोपिकेची तयारी

गोपिकेचा हात पेटीत होता आणि पेटीत नाग होता. ती पेटीकडे पाठ करून बसलेली, हात मागे, तोंड माझ्याकडे. मी दारात उभी होते, म्हणून मला दिसत होतं आणि तिला नाही. लाल-हिरव्या लड्यांमधलं ते काळं वेटोळं मी आधी दोऱ्याचंच समजले. मग ते हललं.

"हिरवा दोरा लय बेइमान," गोपिका मला सांगत होती. "धुतला की रंग सोडते."

दुपार होती. खोलीत तिच्या पुतण्याचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला. कापसात उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतो, हे आमच्या नाचणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण गोपिकेने पेटी तिथेच ठेवली होती, कारण त्या खोलीत ऊन येत नाही आणि उन्हाने दोऱ्याचे रंग उडतात. झाकणही उघडं ठेवायची. दोऱ्याला हवा लागते म्हणे.

ओरडायची सोय नव्हती. गोपिकेला "हलू नको" म्हटलं की ती आधी "काऊन?" विचारते आणि मग वळून पाहते. लग्न होऊन आम्ही दोघी या गल्लीत आलो तेव्हापासून मी तिला एकही गोष्ट निमूट ऐकताना पाहिलेली नाही.

ही बाई कशी आहे ते सांगते, नाहीतर मी पुढे काय केलं ते वेडेपणाचं वाटेल.

गोपिका फुलीचा टाका भरते. आताच्या पोरी त्याला क्रॉस स्टिच म्हणतात. भरते असं मी उगाच म्हटलं. भरताना तिला कोणी पाहिलेलं नाही. ती तयारी करते. मोराचं तोरण करायचं म्हणून माझे केस काळे होते तेव्हा तिने तयारी सुरू केली, ती चालूच आहे. कोणी विचारलं की म्हणते, "तयारी झाली की काम झालंच समज. घाई कोणाले आहे?"

दोरा गुंडाळायला तिला जाड कागद लागतो, म्हणून ती लग्नपत्रिका जमवते. पत्रिका हातात आली की नवरा कोण, नवरी कोण हे वाचत नाही. दोन बोटांत दाबून पाहते. एकदा एका बापासमोरच म्हणाली, "पातळ आहे. टिकणार नाई." बिचारा दोन दिवस जेवला नाही.

दोरा रंग सोडतो का हे पाहायला ती ओला लाल दोरा पांढऱ्या चिंधीत बांधून मनगटावर ठेवते. तशीच एका मयतीला गेली. लोकांना वाटलं, हिने दुःखाने हात कापून घेतला. चार बाया तिलाच धरून रडल्या. तिची कात्री मी एकदा संक्रांतीला दुधाची पिशवी कापायला घेतली, तर पोळ्याच्या सणापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

गल्लीतली एक सून तिच्याकडे टाका शिकायला आली होती. पहिल्या दिवशी कापड भिजवलं, दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवलं, तिसऱ्या दिवशी सून आली नाही. सगळे असेच पळतात. मीही. कापडाच्या कडा शिवण्यापर्यंत ती सांगत आली की माझं दूध उतू जातं.

पण एक आहे. तयारी सांगायला लागली की गोपिका डोळे मिटते आणि देवळातल्या मूर्तीसारखी बसते. बोटही हलवत नाही.

म्हणून मी म्हटलं, "गोपे, तयारी कशी करतात ते सांग बरं. पहिल्यापासून."

तिने मला निरखून पाहिलं. "आज तुयं दूध उतू नाई जात काय वं?"

"आज दूधच आणलं नाई."

तिने डोळे मिटले. हात पेटीतच.

"कापड दोसुतीच घ्या लागते, भोकं मोजता आली पायजे. रातभर भिजवा लागते. पिळाचं नाई. सावलीत वाळवाचं."

नागाने मान उचलली. फणा नव्हता काढला, नुसती मान. मी चौकट धरली.

"मंग कडा शिवाच्या, नाईतर धागे निसटते. मंग चौघडी घालून मधात एक रंगीत धागा..."

नाग तिच्या मनगटावर चढला.

"मधात एक रंगीत धागा," गोपिका पुन्हा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तिथून मोजणी. मंग लडी मिठाच्या पाण्यात. सहा पदरी दोरा, त्यातले दोन पदर सोडवाचे, हळू, गाठ पडू द्याची नाई."

तो सगळाच्या सगळा तिच्या हातावरून सरकला, पेटीच्या कडेवरून खाली उतरला आणि कापसात शिरला. शेपूट दिसेनाशी झाली तरी ती सांगतच होती.

"सुई बोथट टोकाची. झालं." तिने डोळे उघडले. "गेला?"

"कोण?"

"मले काय विचारून राह्यली? मायाच हातावरून गेला ना."

मी खालीच बसले. "तुले माहीत होतं?"

"थंड लागलं तवाच समजलं. दोरा थंड नसते."

"मंग ओरडली काऊन नाई?"

"तुये गुडघे हे असे, पळता येत नाई. ओरडली असती तर तू मले ओढाले आत आली असती. तो दाराकडेच पळाला असता. वाटेत तू." तिने हात पेटीतून काढला. दुसऱ्या हाताने तिने तो मांडीवर दाबून धरला. मग म्हणाली, "अन् मधात कसं सोडू? कडा शिवाच्या पुढं आजवर कोणी ऐकलं नाई, वच्छे."

एकमेकींना धरून आम्ही बाहेर आलो, ओसरीवर बसलो. तिने मला पाणी दिलं, निम्मं माझ्या लुगड्यावर सांडलं.

पुलगावहून साप धरणारा आला. अर्धा कापूस अंगणात काढला तेव्हा सापडला. पिशवीत घालून नेला, लांब सोडून आला.

तोरण अजून सुरू झालेलं नाही. त्या दुपारी खोलीत मी होते, गोपिका होती आणि नाग होता. तिघंही जगलो.